गाडीचा हप्ता झेपत नाही. हायर परचेस करारातून बाहेर कसे पडावे?

पाऊलवाट (मूळ प्रश्न)

नमस्कार. साधारण दीड वर्षापूर्वी मी एका बिगरबँक वित्तसंस्थेकडून ६ लाख रुपयांचे कर्ज काढून एक वापरलेली चारचाकी घरच्या वापरासाठी घेतली. मुदत ४८ महिन्यांची आणि हप्ता १७,५०० रुपयांचा ठरला. व्याजदर 'दहा टक्के फ्लॅट' असल्याचे सांगण्यात आले होते. तेव्हा आमच्या घरात दोन पगार येत होते. पत्नीची नोकरी गेल्यापासून एकाच पगारावर घर चालते आहे, आणि सगळा खर्च आवरता घेतला तरी गाडीसाठी महिन्याला आठ हजारांपेक्षा जास्त रक्कम बाजूला काढणे आम्हाला शक्य नाही. आतापर्यंत १८ हप्ते वेळेवर गेले, एकोणिसावा मात्र खात्यात पैसे नसल्यामुळे परत गेला.

त्यानंतर वसुली प्रतिनिधीचे फोन सुरू झाले आहेत. त्याच्या म्हणण्यानुसार मला करार संपवायचा असेल तर उरलेल्या तीसही हप्त्यांचे मिळून सव्वापाच लाख रुपये भरावे लागतील, अन्यथा मी गाडी त्यांच्या यार्डात आणून लावावी, म्हणजे 'विषय संपेल'. माझ्या हिशेबाप्रमाणे मी ३ लाख १५ हजार भरलेले आहेत, त्यामुळे ६ लाखांच्या कर्जातील निम्म्याहून अधिक रक्कम फिटली असावी, असे मला वाटत होते. कराराच्या पहिल्या पानावर 'हायर परचेस' (भाडे-खरेदी) असे शब्द छापलेले आहेत, परंतु आरसी माझ्या नावावर असून तिच्यावर हायपोथिकेशनची, म्हणजे गाडी तारण असल्याची नोंद आहे. माझे मेहुणे जामीनदार आहेत आणि त्यांना या प्रकरणाची झळ लागू नये, ही माझी सर्वांत मोठी काळजी आहे.

गाडी ठेवण्याचा आमचा आग्रह नाही. कमीत कमी नुकसान सोसून आणि मेहुण्यांचे नाव खराब न होऊ देता या करारातून बाहेर पडण्याचा रस्ता कोणता, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जमाखर्च

मी अनेक वर्षे वाहनकर्जाच्या विभागात काम केले आहे, त्यामुळे आधी आकड्यांकडे वळतो, कारण तुमचा पुढचा प्रत्येक निर्णय त्यांच्यावरच ठरणार आहे.

फ्लॅट दर म्हणजे पूर्ण ६ लाखांवर पूर्ण चार वर्षांचे व्याज पहिल्याच दिवशी लावून टाकणे होय. दहा टक्क्यांनी ते २ लाख ४० हजार होते, एकूण परतफेड ८ लाख ४० हजारांची होते आणि तिला ४८ ने भागले की १७,५०० चा हप्ता निघतो. प्रत्यक्षात तुमच्याकडची मुद्दल दर महिन्याला कमी होत असते. घटत्या मुद्दलीवर हाच हप्ता मांडून पाहिला तर खरा वार्षिक दर साडेसतरा टक्क्यांच्या थोडा वर जातो. पहिल्या हप्त्यातले जवळपास ८,८०० रुपये, म्हणजे निम्मे, निव्वळ व्याजाचे होते. तुम्ही भरलेल्या ३ लाख १५ हजारांपैकी सुमारे १ लाख ३७ हजार व्याजात गेले आणि मुद्दल अवघी १ लाख ७८ हजारांनी कमी झाली. म्हणजे अठराव्या हप्त्यानंतर तुमची शिल्लक मुद्दल ४ लाख २२ हजारांच्या आसपास असायला हवी.

आता प्रतिनिधीचा सव्वापाच लाखांचा आकडा पाहा. त्यात पुढच्या तीस महिन्यांचे एक लाखाहून अधिक व्याज धरलेले आहे. तुम्ही आजच कर्ज मिटवले तर ते पैसे तुमच्याकडे राहणारच नाहीत, मग त्यांचे व्याज कशाचे? मुदतपूर्व फेडीच्या वेळी शिल्लक मुद्दल, त्या दिवसापर्यंतचे व्याज, थकबाकीवरील आकार आणि करारात लिहिलेले फोरक्लोजर (मुदतपूर्व फेडीचे) शुल्क एवढेच मागितले जाणे अपेक्षित आहे. त्यामुळे फोनवर ऐकलेल्या आकड्यावर एक क्षणही विचार करू नका. शाखेला ई-मेलने आणि शक्य असल्यास पोच घेऊन पत्राने 'फोरक्लोजर स्टेटमेंट' आणि पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा मागवा, आणि त्या विवरणातील प्रत्येक रक्कम कराराच्या कलमाशी ताडून पाहा. कर्ज १ ऑक्टोबर २०२४ किंवा त्यानंतरचे असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तुम्हाला 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' मिळालेले असले पाहिजे. त्यात वार्षिक खरा दर आणि सगळी शुल्के एका ठिकाणी लिहिलेली असतात, आणि त्यात न दाखवलेले शुल्क तुमच्या संमतीशिवाय पुढे आकारता येत नाही.

मुदत वाढवून घेण्याचा पर्याय अनेकजण सुचवतील, म्हणून त्याचाही हिशेब करून ठेवतो. उरलेली रक्कम तीसऐवजी साठ महिन्यांवर पसरली तरी याच दराने हप्ता १०,८०० रुपयांच्या आसपास राहतो, आणि एकट्या व्याजालाच सुरुवातीला महिना ६,३०० रुपये लागतात. तुमची मर्यादा आठ हजारांची आहे. म्हणजे मुदत दुप्पट करूनही तुम्ही दर महिन्याला तुटीतच राहाल, आणि गाडी मात्र त्या पाच वर्षांत जुनी होत जाईल. पत्नीला लवकरच नोकरी मिळण्याची खात्री असेल तरच या पर्यायाचा विचार करावा. नाहीतर गाडीला आज जी किंमत आहे ती हातात असतानाच तिचा उपयोग करून घ्या, असे माझे स्पष्ट मत आहे.

कातळशिल्प

एक सुचवू का? आमच्याकडे अशा वेळी लोक सरळ दुसऱ्या कुणाला तरी गाडी देतात. तो थोडी रोख रक्कम देतो आणि पुढचे हप्ते तुमच्या खात्यात भरत राहतो. साध्या स्टॅम्प पेपरवर लिहून घेतले की काम होते, वित्तसंस्थेच्या दारात जावेच लागत नाही. दुसरे म्हणजे, निम्मी रक्कम भरून झाली की गाडी परत करून करारातून कायदेशीरपणे मोकळे होता येते, असेही मी इंटरनेटवर वाचले आहे. पाऊलवाट यांची एकूण देय रक्कम ८ लाख ४० हजार असेल, तर निम्म्यासाठी त्यांना आणखी सहा हप्ते भरावे लागतील. हे खरे आहे का, ते कुणीतरी सांगावे.

न्यायपत्र

कातळशिल्प, आपला हेतू चांगला आहे यात शंका नाही, परंतु या दोन्ही गोष्टींमुळे प्रश्नकर्ते अधिक अडचणीत येतील, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. मी वकिली करते आणि वाहनकर्जाची प्रकरणे नेहमी हाताळते.

निम्मी रक्कम भरून वस्तू परत करण्याचा हक्क ब्रिटनच्या १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्यात आहे. आपल्याकडे संसदेने १९७२ मध्ये स्वतंत्र हायर परचेस कायदा मंजूर केला होता आणि भाड्याने घेणाऱ्याने वस्तू परत करून करार संपवण्याची तरतूद त्यातही होती. मात्र तो कायदा प्रत्यक्षात कधी अमलातच आला नाही आणि २००५ मध्ये तो रद्दही करण्यात आला. त्यामुळे भारतात अशा करारातून बाहेर पडण्याचा मार्ग आपल्या हातातील करार, भारतीय करार कायदा, रिझर्व्ह बँकेचे नियम आणि न्यायालयांचे निर्णय यांतूनच शोधावा लागतो. परदेशी संकेतस्थळांवरील सल्ला वाचून कुणी गाडी परत नेऊन दिली, तर त्याच्यामागे कर्ज तसेच उभे राहते.

पाऊलवाट, आपल्या करारावर हायर परचेस लिहिलेले आहे आणि आरसीवर हायपोथिकेशन. खऱ्याखुऱ्या हायर परचेसमध्ये वस्तूची मालकी शेवटच्या हप्त्यापर्यंत वित्तसंस्थेची असते आणि आपण ती भाड्याने वापरत असतो. हायपोथिकेशनमध्ये मालक आपण असतो आणि गाडी तारण असते. कागदाच्या शीर्षकापेक्षा व्यवहाराचे खरे स्वरूप पाहावे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकातच सांगितले आहे. ग्राहकाने स्वतः गाडी निवडून स्वतःच्या नावावर घेतली असेल आणि वित्तसंस्थेने केवळ पैसा पुरवला असेल, तर हायर परचेसचा कागद हा कर्जाच्या सुरक्षिततेसाठी केलेला दस्तऐवज ठरू शकतो. आपला व्यवहार बहुधा तसाच दिसतो. तथापि या भेदावर फार विसंबून राहू नये, कारण थकबाकी झाल्यास गाडी ताब्यात घेण्याचे कलम दोन्ही प्रकारच्या करारांत असते, आणि हायर परचेसच्या बाबतीत तर वित्तसंस्था मालक असल्यामुळे तिला हप्ते थकल्यावर गाडी परत घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येही म्हटले आहे.

गाडी ताब्यात घेण्याचा हक्क असला तरी ती कशीही ओढून न्यावी असा त्याचा अर्थ होत नाही. गुंडांकरवी आणि बळजबरीने वाहने उचलण्याच्या पद्धतीवर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये कठोर ताशेरे ओढले आणि वसुली कायद्याच्या मार्गानेच झाली पाहिजे, हे २०११ मध्ये पुन्हा बजावले. रिझर्व्ह बँकेच्या न्याय्य व्यवहार संहितेनुसार बिगरबँक वित्तसंस्थेच्या करारात ताबा घेण्यापूर्वीच्या नोटिशीची मुदत, ती नोटीस कोणत्या परिस्थितीत टाळता येईल, ताबा घेण्याची पद्धत, विक्रीपूर्वी पैसे भरण्याची शेवटची संधी आणि लिलावाची पद्धत या गोष्टी लिहिलेल्या असणे आवश्यक आहे. कराराची प्रत सर्व जोडपत्रांसह मिळणे हा आपला हक्क आहे. प्रत नसेल तर ती आजच मागा. वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाहीत. शिवीगाळ करणे, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना सांगून बदनामी करणे यांनाही मनाई आहे. अशा प्रत्येक फोनची तारीख आणि वेळ लिहून ठेवा.

आता दुसऱ्याच्या हाती गाडी सोपवण्याविषयी. असा व्यवहार कृपया करू नका. आरसीवर नाव आपलेच राहते, आणि उद्या त्या गाडीने अपघात झाला तर नोंदणीकृत मालक म्हणून नुकसानभरपाईचा दावा आपल्यावर येतो. गाडी विकली होती हा बचाव नोंदणी बदललेली नसेल तर टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. समोरच्याने हप्ते भरणे थांबवले तर पतअहवाल आपला खराब होतो आणि नोटीस मेहुण्यांना जाते. शिवाय तारण असलेली गाडी परवानगीविना दुसऱ्याला दिली म्हणून वित्तसंस्था फौजदारी तक्रारही करू शकते. स्टॅम्प पेपरवरील लिखाण आपण आणि तो घेणारा या दोघांमध्ये काय ते उपयोगी पडेल. वित्तसंस्था त्याने बांधली जात नाही.

बँकेत हप्ता वठू न देणे हाही मार्ग नव्हे. धनादेश परत गेला तर पराक्रम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ लागू होऊ शकते, आणि ई-मँडेटच्या (खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याच्या संमतीच्या) बाबतीत २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ मध्ये तशीच शिक्षेची तरतूद आहे. कायदेशीर मागणीची नोटीस आली, तर ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम देण्याची संधी असते, म्हणून कोणतेही पाकीट न उघडता बाजूला ठेवू नये. हेच लवादाच्या, म्हणजे न्यायालयाबाहेर वादाचा निवाडा करणाऱ्याच्या, नोटिशीबाबत. बहुतेक वाहनकर्जाच्या करारांत लवादाचे कलम असते आणि वित्तसंस्था स्वतःच एखादा लवाद नेमून एकतर्फी आदेश मिळवू पाहते. निकालात हितसंबंध असलेल्या पक्षाला एकट्याने लवाद नेमता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आहे, म्हणून नोटिशीला उत्तर देऊन हा आक्षेप वेळीच नोंदवावा.

मेहुण्यांविषयी एवढेच सांगते की भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच असते. वित्तसंस्था आपल्याला सोडून थेट त्यांच्याकडेही मागणी करू शकते. त्यांना आजच सगळे खरे सांगा आणि आपण करत असलेल्या पत्रव्यवहाराची प्रत त्यांच्याकडे ठेवा. मुदत किंवा अटी बदलण्याचा प्रस्ताव आला तर त्यांची सही मागितली जाईल. ती त्यांनी पूर्ण वाचून, समजून मगच करावी.

पाऊलवाट

सर्वांचे मनापासून आभार. मी ई-मेल पाठवला आणि वित्तसंस्थेकडून लेखी विवरण आले. शिल्लक मुद्दल ४,२२,२७० रुपये, चालू महिन्याचे व्याज ६,१९३ रुपये, हप्ता परत गेल्याचा आकार करासह ५९० रुपये, चार टक्के फोरक्लोजर शुल्क १६,८९१ रुपये आणि त्यावरील जीएसटी ३,०४० रुपये, असे मिळून ४ लाख ४९ हजारांना थोडेसे कमी होतात. जमाखर्च यांचा अंदाज अगदी बरोबर निघाला, आणि फोनवर सांगितलेले सव्वापाच लाख कुठेच दिसले नाहीत.

गाडीसाठी मी तीन ठिकाणी विचारणा केली. सर्वांत चांगली किंमत ३ लाख ८० हजारांची आली आहे. म्हणजे माझ्या खिशातून साधारण ६९ हजार जातील. दरम्यान वसुली प्रतिनिधीने एक छापील कागद पाठवला आहे. त्यात मी 'स्वखुशीने गाडीचा ताबा देत आहे आणि विक्रीबाबत माझी कोणतीही हरकत नाही' असे लिहिले आहे. त्यावर सही करून गाडी यार्डात सोडली तर वित्तसंस्था प्रकरण बंद करील, असे तो तोंडी सांगतो. ६९ हजार उभे करणे मला सोपे नाही, त्यामुळे मोह होतो आहे. सही करावी का?

माळरान

त्या कागदावर सही करू नका. आमच्या घरात हे घडले आहे. माझ्या थोरल्या भावाने अगदी याच शब्दांच्या कागदावर सही केली आणि किल्ल्या दिल्या. त्यालाही विषय संपेल असेच सांगण्यात आले होते. काही महिन्यांनी पत्र आले. गाडी लिलावात विकली गेली होती, मिळालेल्या रकमेतून गाडी ओढून नेण्याचा खर्च, यार्डाचे भाडे आणि लिलावाचा खर्च वजा केला होता, दरम्यानच्या काळाचे व्याज मिळवले होते आणि उरलेला फरक भावाने आणि जामीनदाराने भरावा, अशी मागणी होती. लिलावाची रक्कम आम्हाला बाजारात सहज मिळाली असती त्यापेक्षा बरीच कमी होती.

यार्डात गाडी उघड्यावर उभी असते. बॅटरी उतरते, टायर बसतात, काही वेळा सुटे भागही जातात. किल्ल्या देताना किलोमीटरचा आकडा, गाडीची अवस्था, आत काय काय होते, यातले काहीच लिहून घेतलेले नव्हते, त्यामुळे नंतर वाद घालायला हातात पुरावा नव्हता. ग्राहक आयोगाकडे तक्रार केल्यानंतर तडजोड झाली, पण ज्या मानसिक ओढाताणीतून आम्ही गेलो ती टाळता आली असती.

तुम्हाला दुसरा इलाजच उरला नाही आणि गाडी द्यावीच लागली, तरी त्यापूर्वी 'गाडी स्वीकारल्यावर कर्जखाते पूर्ण बंद होईल, कर्जदार आणि जामीनदार यांच्याकडे कोणतीही बाकी राहणार नाही' असे पत्र वित्तसंस्थेच्या लेटरहेडवर, अधिकृत अधिकाऱ्याच्या सहीने हातात घ्या. प्रतिनिधीचा शब्द किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप यावर गाडी देऊ नका. पत्र देत नसतील, तर ते बाकी माफ करणार नाहीत हे उघड आहे.

जमाखर्च

माळरान यांनी लिहिलेले प्रत्येक अक्षर खरे आहे, आणि यार्डाच्या दुसऱ्या बाजूला बसून मी ते वर्षानुवर्षे पाहिले आहे. पाऊलवाट, तुमच्याकडे ३ लाख ८० हजार देणारा खरा ग्राहक आहे. लिलावात ही किंमत मिळण्याची अपेक्षा मी करणार नाही. आज तुमचे ओझे ६९ हजारांचे आहे. यार्डाच्या मार्गाने गेलात तर ते किती होईल हे दुसऱ्याच्या हातात जाईल. महिना आठ हजार बाजूला काढण्याची तुमची क्षमता आहे असे तुम्हीच लिहिले आहे. त्या हिशेबाने ६९ हजार उसने घेतले तरी नऊ-दहा महिन्यांत फिटतात. नातेवाइकांकडून, नोकरीच्या ठिकाणच्या पतसंस्थेतून किंवा थोडे सोने तारण ठेवून ही रक्कम उभी करणे मी नक्कीच पसंत करीन. क्रेडिट कार्डावर किंवा मोबाइलवरच्या झटपट कर्जावर मात्र ती उचलू नका.

त्याआधी ही तूट थोडी कमी करता येते का ते पाहा. शाखा व्यवस्थापकाला आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहा. पत्नीची नोकरी गेल्याचा पुरावा जोडा, १८ हप्ते वेळेवर भरल्याचे नमूद करा, ग्राहकाचा देकार (किमतीचा लेखी प्रस्ताव) जोडा आणि फोरक्लोजर शुल्क माफ किंवा निम्मे करण्याची विनंती करा. व्यक्तींनी घरगुती कारणासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जांवर हे शुल्क घेता येत नाही, तुमचे स्थिर दराचे असल्यामुळे ते घेण्याची मुभा त्यांना आहे, तरीही थकीत होऊ घातलेले खाते पूर्ण वसूल होत असेल तर शाखा या शुल्कात सवलत देते, असा माझा अनुभव आहे. करसहित ते जवळजवळ वीस हजारांचे आहे, म्हणून एक पत्र लिहिण्याचे श्रम वाया जाणार नाहीत. कर्ज देताना त्यात 'कर्ज सुरक्षा विम्या'चा हप्ता मिसळलेला आहे का, तेही खातेउताऱ्यात तपासा. असल्यास उरलेल्या काळाच्या परताव्यासाठी विमा कंपनीकडे अर्ज करता येतो. परतावा किती मिळेल ते पॉलिसीच्या अटींवर अवलंबून असते.

आणखी एक सावधगिरी. 'वन टाइम सेटलमेंट'च्या नावाखाली मुद्दलीत सूट घेतली, तर पतअहवालात खाते 'सेटल्ड' असे दिसते आणि पुढे अनेक वर्षे नवे कर्ज मिळणे कठीण होते. शुल्क माफ झाले आणि मुद्दल व व्याज पूर्ण भरले गेले, तर ते 'क्लोज्ड' दिसायला हवे. मंजुरीच्या पत्रात हा शब्द स्पष्ट लिहून घ्या. थकबाकी नव्वद दिवसांपलीकडे गेली की खाते अनुत्पादित (एनपीए, म्हणजे थकीत कर्ज) ठरते आणि मग वाटाघाटीचा सूरच बदलतो, त्यामुळे जे करायचे ते पुढच्या काही आठवड्यांत करा. तोवर जमेल तेवढी रक्कम खात्यात भरत राहा आणि पावती घ्या.

विक्रीचा क्रम नीट समजून घ्या, कारण ग्राहकालाही भीती असते की पैसे देऊन गाडी नावावर होणार नाही. ग्राहकाने ३ लाख ८० हजार तुमच्या बचत खात्यात न देता थेट कर्जखात्यात भरावेत, तूट तुम्ही त्याच दिवशी भरावी, आणि त्यासाठी त्या तारखेपर्यंत वैध असलेले विवरण आधी घ्यावे. तुम्ही, ग्राहक आणि वित्तसंस्था असे तिघे शाखेत बसून हे केले तर सर्वांत उत्तम. त्यानंतर वित्तसंस्थेने ना-हरकत प्रमाणपत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ (तारण संपल्याची सूचना) द्यायचा असतो. त्याआधारे आरटीओकडे आरसीवरची एच.पी., म्हणजे हायपोथिकेशनची नोंद, उतरते. मग फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी ग्राहकाच्या नावावर करायची. ताबा देताना तारीख आणि वेळ लिहिलेली पावती घ्या, आणि आरसीवर नाव बदलेपर्यंत विमा बंद पडू देऊ नका.

वैयक्तिक कर्ज (घरच्या वापराच्या गाडीचे कर्जही त्यात धरले जाते) पूर्ण फिटल्यावर तारणाची मूळ कागदपत्रे परत करणे आणि नोंदवलेला बोजा उतरवणे हे काम तीस दिवसांत झाले पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. वित्तसंस्थेमुळे विलंब झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईची तरतूद आहे. ना-हरकत प्रमाणपत्रासाठी टाळाटाळ होऊ लागली तर पत्रात या नियमाचा उल्लेख करा.

न्यायपत्र

जमाखर्च यांच्याशी पूर्ण सहमत आहे. दोन गोष्टींची भर घालते. वित्तसंस्थेने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनामूल्य करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तक्रार करण्यापूर्वी वित्तसंस्थेकडे लेखी दाद मागितली होती, हे दाखवावे लागते, म्हणून आतापासूनच सगळा व्यवहार लेखी ठेवा. गाडी घरच्या वापरासाठी असल्याने ग्राहक आयोगाचा मार्गही आपल्याला मोकळा आहे.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यानुसार महिलांना, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना आणि ठरावीक उत्पन्न मर्यादेतील कुणालाही तेथे मोफत विधी साहाय्य मिळते. दावा दाखल होण्यापूर्वीच लोकअदालतीत प्रकरण ठेवण्याचा अर्जही करता येतो. तेथे झालेली तडजोड दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असते आणि तिच्यावर अपील होत नाही, म्हणून तडजोडीच्या मसुद्यात जामीनदारही मुक्त होत असल्याचे वाक्य आहे की नाही, हे सही करण्यापूर्वी पाहून घ्यावे.

त्या छापील कागदाला लेखी उत्तर मात्र अवश्य द्या. 'मी गाडीचा ताबा देण्यास संमती दिलेली नाही. अमुक रकमेच्या विवरणानुसार पूर्ण फेड करून खाते बंद करण्याची माझी तयारी असून ग्राहकाचा देकार सोबत जोडला आहे' एवढ्या दोन ओळी पुरेशा आहेत. पत्र स्पीड पोस्टने पाठवा आणि त्याची एक प्रत गाडीतही ठेवा, म्हणजे रस्त्यात कुणी गाडी अडवली तर दाखवता येईल.

पाऊलवाट

पत्र आज पाठवले आहे. मेहुण्यांशी बोललो. तुटीतील ३० हजार ते बिनव्याजी देत आहेत, उरलेल्यासाठी पतसंस्थेत अर्ज केला आहे. ग्राहक थेट कर्जखात्यात पैसे भरण्यास तयार आहे, फक्त ना-हरकत प्रमाणपत्र मिळेपर्यंत त्याने २० हजार रोखून धरण्याची अट घातली आहे. ही अट मान्य करावी का?

जमाखर्च

त्याची अट रास्त आहे, पण ती तशीच मान्य केली तर कर्जखात्यात २० हजार कमी पडतील आणि खाते बंदच होणार नाही, मग प्रमाणपत्रही मिळणार नाही. त्यामुळे त्याने पूर्ण रक्कम भरावी आणि त्या बदल्यात ना-हरकत प्रमाणपत्र मिळेपर्यंत तुम्ही २० हजारांचा तुमचा धनादेश विश्वासू तिसऱ्या व्यक्तीकडे ठेवाल, असे सुचवा. प्रमाणपत्र आल्यावर धनादेश तुम्हाला परत मिळेल, हे विक्रीच्या करारात लिहा. एवढी रक्कम खात्यात शिल्लक असेल तरच तो धनादेश द्या. फॉर्म ३५ वरचा चासी क्रमांक आरसीशी जुळतो का, हे शाखेतून बाहेर पडण्यापूर्वीच तपासा, कारण एका आकड्याच्या चुकीमुळे आरटीओत अर्ज परत येतो.